आनंदीबाई आणि आपली अपराधकथा

अपराधकथेचे दोन वंश आहेत, आणि आपल्याकडे त्यांची नेहमी गल्लत होते. पहिल्या वंशात खून हे एक कोडे असते. कोणी चतुर गुप्तहेर ते सोडवितो, अपराधी हाती लागतो, आणि ज्या घरात प्रेत पडले होते त्या घरातील मंडळी दुसऱ्या दिवशी निश्चिंतपणे चहा घेऊ लागतात. दुसऱ्या वंशात कोडे फारसे नसतेच. कोणी मारिले हे वाचकास फार लवकर कळते, किंवा अखेरपर्यंत कळतच नाही. तेथे महत्त्व असते ते याला, की मारणारा बाहेरून आलेला नाही, आणि त्याचा शोध लागला तरी ते घर पूर्ववत होणार नाही. या दुसऱ्या वंशाच्या कथांना फ्रेंचांनी 'न्वार', म्हणजे काळ्या, असे नाव दिले. १९४५ साली पॅरिसच्या गालिमार या प्रकाशनसंस्थेने 'सेरी न्वार' ही पुस्तकमाला सुरू केली, तिच्यामुळे ते नाव विशेष रूढ झाले.

मराठीत पहिल्या वंशाची संतती अमाप आहे. एकट्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि झुंजार व काळापहाड यांनी आमच्या पिढीतील किती विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत दडून बसून त्यांचे गणित बुडविले, याचा हिशेब कोणी ठेविलेला नाही. त्या कथांची आम्ही हेटाळणी करणार नाही. ज्यांनी लक्षावधि लोकांस वाचनाची गोडी लाविली त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांतील पाप बहुधा घराबाहेरून येते. टोळ्या असतात, वेषांतरे असतात, भुयारे असतात. माजघर मात्र निष्पाप राहते. ज्या समाजात वाटण्यांवरून सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात, त्या समाजाच्या अपराधकथेने माजघरात पाऊल टाकू नये, हे आश्चर्यच म्हणावयाचे.

तथापि अशी एक कथा आपल्याजवळ आहे, आणि ती अडीचशे वर्षे घरोघर सांगितली जात आहे. ती म्हणजे नारायणराव पेशव्यांच्या खुनाची. तिला मिळालेले सर्वांत समर्थ वाङ्मयीन रूप म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे १९०९ सालचे नाटक होय. या नाटकाचा विचार ऐतिहासिक नाटक म्हणून पुष्कळ झाला आहे, राजकीय रूपक म्हणून त्याहूनही अधिक झाला आहे. येथे आम्ही त्याकडे अपराधकथा म्हणून पाहणार आहोत. तसे पाहिले असता त्याची थोरवी आणि त्याचे एक मोठे व्यंग ही दोन्ही स्पष्ट दिसू लागतात.

मूळ हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. केवळ नाती ध्यानात यावीत म्हणून ती थोडक्यात सांगतो. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास वारले. चुलते राघोबादादा यांच्याशी त्यांचा झगडा कारकीर्दभर चालला होता. १७६८ साली धोडपच्या लढाईत दादांचा पाडाव करून त्यांना शनिवारवाड्यात कैदेत ठेवावे लागले होते. माधवरावांमागून गादीवर आलेले धाकटे बंधु नारायणराव अवघे सतरा वर्षांचे होते. काकांशी त्यांचेही जमले नाही. काका पुन्हा नजरकैदेत गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचा गिल्ला करीत गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांच्या दालनाकडे गेले, काकांना त्यांनी मिठी मारिली, आणि तेथेच ते मारले गेले. पुढे न्यायाधीश रामशास्त्री यांनी चौकशी केली आणि प्रत्यक्ष राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले.

आता यांत आनंदीबाई कोठे येतात? त्या राघोबांच्या पत्नी, मारल्या गेलेल्या मुलाच्या काकू. गारद्यांना दिलेल्या लेखात 'धरावे' असा शब्द होता, त्याचा 'मारावे' असा शब्द झाला, आणि हा फेर आनंदीबाईंनी केला, अशी ही कथा आहे. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात ती आली, आणि लोकांच्या तोंडी तर ती इतकी बसली की 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचारच होऊन गेला. एखाद्या स्त्रीवरील आरोप भाषेचा वाक्प्रचार व्हावा, आणि शाळेतील मुलाने तो परीक्षेत वाक्यात उपयोग करून दाखवावा, यापरते दुर्दैव कोणते? ज्या कागदावर हा सगळा खटला उभा आहे तो मूळ कागद मात्र आज कोणाजवळ नाही, आणि पुष्कळ इतिहासकार या गोष्टीला आख्यायिकाच मानतात.

खाडिलकरांनी ही आख्यायिका उचलली, यात त्यांचा दोष नाही. नाटककाराला कागद नको असतात, प्रसंग हवा असतो. आणि एका अक्षराने राज्य बुडावे याहून नाट्यपूर्ण प्रसंग कोणता मिळणार? शिवाय शेक्सपियर त्यांच्या हाडीमांसी खिळलेला होता. 'सवाई माधवरावांचा मृत्यू' या त्यांच्या पहिल्या नाटकात हॅम्लेट आणि ऑथेल्लो यांची छाया सर्वांना दिसते, तशीच 'भाऊबंदकी'त मॅकबेथची दिसते. चंचल नवरा आणि त्याला पुढे ढकलणारी करारी बायको ही जोडी तेथूनच आली आहे. ही भूमिका प्रथम महाराष्ट्र नाटक मंडळीत केशवराव दाते यांनी गाजविली. पुढे दुर्गाबाई खोटे यांनी ती केली आणि शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मधील राणीही केली. एकाच नटीला दोन्ही भूमिका शोभाव्यात, इतके त्या दोघींचे नाते जवळचे आहे.

परंतु आमच्या मते येथेच घोटाळा झाला. मॅकबेथची पत्नी कोणाची सून नाही, कोणाची जाऊ नाही, कोणाची काकू नाही. त्या नाटकात तिला नावसुद्धा नाही. ती केवळ त्याची बायको आहे. त्या किल्ल्यात ती आणि तो अशी दोनच माणसे राहतात असे वाटते. त्यांनी मारलेला डंकन नात्याने दूरचा, राजा आणि पाहुणा म्हणून आलेला. तिची महत्त्वाकांक्षा ही सर्वस्वी त्या दोघांच्या संसारातील गोष्ट आहे. आनंदीबाईंचे तसे नाही. त्या कोकणातल्या ओकांच्या घरातून पेशव्यांच्या वाड्यात आल्या. तेथे थोरली जाऊ गोपिकाबाई, एकामागून एक गादीवर बसणारे तिचे मुलगे, कर्तबगार म्हणविणारा पण दर वेळी हरून कैदेत पडणारा नवरा, आणि त्याच वाड्याच्या एका कोपऱ्यात पहाऱ्यात काढलेली वर्षे, एवढा सगळा संसार त्यांच्याभोवती आहे. अपराधाचे बीज पेरण्यास याहून सुपीक जमीन कोणती? खाडिलकरांनी या जमिनीत खोल नांगर घातला असता तर आपल्याला एक अपूर्व व्यक्तिरेखा लाभली असती. त्यांनी परदेशी रोप आणून तेथे लाविले. ते रोप जोमदार आहे, टाळ्या मिळविते. पण त्याची मुळे या मातीत फार खाली गेलेली नाहीत.

असे का व्हावे, याचे कारण त्या काळात आहे. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस राष्ट्रीय सभा दुभंगली. पुढच्याच वर्षी टिळकांना शिक्षा होऊन त्यांची मंडालेस रवानगी झाली. खाडिलकर हे 'केसरी'तील त्यांचे सहकारी. अशा वेळी 'भाऊबंदकी' हे नाव वाचताच प्रेक्षकाच्या मनात पुण्याच्या वाड्याबरोबर सुरतेचा मंडपही उभा राहिला असल्यास नवल नाही. ज्याला भाऊ एकत्र आणावयाचे आहेत, त्याला फुटीचे पाप रक्ताच्या माणसावर घालणे परवडत नाही. ते अशा कोणावर तरी घालावे लागते जो घरात आहे पण घराचा नाही. आपल्या एकत्र कुटुंबात अशी जागा एकच असते, आणि त्या जागेवर लग्न होऊन आलेली बाई उभी असते. भाऊ भांडले, बायकांनी भांडण लाविले. वाटण्या झाल्या, अमकीने करविल्या. म्हातारा बाप कोर्टात गेला, धाकटीने त्याचे कान भरले. हे निकाल आपण रोज ऐकतो, आणि ऐकताना साक्षीपुरावा मागत नाही. 'भाऊबंदकी'ने निर्माण केलेली आनंदीबाई एवढी लोकप्रिय झाली याचे अर्धे श्रेय नाटककाराच्या लेखणीला असेल. उरलेले अर्धे आपल्या या सवयीला आहे.

१९४४ साली प्रभातने 'रामशास्त्री' हा बोलपट काढिला, त्यांत आनंदीबाईंचे काम ललिता पवार यांनी केले. पुढे खाष्ट सासू म्हटली की ज्यांचा चेहरा सर्व हिंदुस्थानाला आठवू लागला, त्याच या नटी. ही केवळ योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून देण्यास आमची हरकत नाही. परंतु योगायोगसुद्धा कधीकधी लोकांच्या मनाचा ठाव सांगून जातात.

कोणी म्हणेल, इतिहासाचा आणि लोकरीतीचा वाद वाङ्मयविचारात कशाला? तर केवळ वाङ्मयाच्या दृष्टीने पाहू. अपराधकथेचा पहिला नियम असा, की पुराव्याने वाचकाचे समाधान झाले पाहिजे. १९८४ साली पुण्यातील एका नवविवाहितेच्या विषबाधेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या; वकीलवर्ग त्यांना पंचशील म्हणतो. प्रत्येक गोष्ट पूर्णपणे शाबीत झाली पाहिजे. ती केवळ आरोपीच्या दोषाशीच जुळली पाहिजे. तिचे स्वरूप निर्णायक पाहिजे. दुसरी प्रत्येक शक्यता तिने वगळली पाहिजे. आणि साखळीची एकही कडी सुटलेली असता कामा नये. अपराध केला 'असेल' आणि केला 'असलाच पाहिजे' या दोहोंतील अंतर लांब आहे, हा त्या निर्णयाचा गाभा. आता आनंदीबाईंचा खटला या कसोट्यांवर लावून पाहा. कागद नाही, ही पहिलीच कडी सुटली. लेखात फेर झाला असे क्षणभर धरले, तरी तो लेख ज्यांच्या हातून गेला त्या प्रत्येकाला तो करता आला असता. पगार थकलेले गारदी होते, रुष्ट मुत्सद्दी होते, आणि ज्याला गादी मिळावयाची होती तो स्वतः होता. रामशास्त्र्यांच्या चौकशीत पन्नासाच्या आसपास माणसे गोवलेली आढळली असे इतिहास सांगतो. त्या पन्नासांतील किती नावे आज लोकांस ठाऊक आहेत? आणि ज्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे, त्यांना रामशास्त्र्यांनी प्रायश्चित्त सांगितल्याची हकीकत कोणी सांगत नाही. प्रायश्चित्त सांगितले ते दादांना.

याहूनही एक खोल गोष्ट आहे, आणि तिच्याकडे आजवर दुर्लक्ष झाले असे आम्हांस वाटते. 'ध'चा 'मा' या कथेत आपण 'मा'कडे इतके टक लावून पाहतो की 'ध' निर्दोष वाटू लागतो. जणू 'धरावे' हा शब्द एखाद्या प्रेमळ काकाने हट्टी पुतण्याच्या हितासाठी लिहिला होता! राज्याच्या धन्याला, आपल्या मृत भावाच्या मुलाला, भाडोत्री शस्त्रधाऱ्यांकडून धरविणे हाच मुळी राजद्रोह आणि कुलद्रोह. सशस्त्र माणसे आत सोडल्यावर ती काय करतील हे ठाऊक नसण्याइतके दादा भोळे नव्हते. अटकेपार मोहिमा नेलेला तो पुरुष होता. म्हणजे हे एक अक्षर फिरले किंवा न फिरले, तरी अपराधी बदलत नाही. आख्यायिकेने मात्र तो बदलला. तिने पुरुषाला दुर्बल ठरवून सोडविले, आणि स्त्रीला बलवान ठरवून पकडले. लोकांच्या बोलण्यातही पाहा: त्यांना आजही आपण 'दादा' म्हणतो आणि बहुवचन लावितो, तिला एकवचनच पुरते. नारायणरावांची हाक सगळ्यांना पाठ आहे, आणि ती हाक काकाला आहे. मरणारा मुलगा ज्याच्या गळ्यात पडला त्याच्याविषयी कीव, आणि जी त्या प्रसंगी दालनात होती की नाही हेही आपण सांगू शकत नाही तिच्याविषयी संताप, असा हा न्याय आहे.

नाटकाची थोरवी जेथे आहे तेही सांगितले पाहिजे, कारण ती सामान्य नव्हे. ती रामशास्त्र्यांच्या पात्रात आहे. कोड्याच्या कथेत गुप्तहेराने बोट दाखविले की कथा संपते. येथे न्यायाधीश प्रत्यक्ष सत्ताधीशाकडे बोट दाखवितो, शिक्षा सांगतो, आणि काहीच घडत नाही. अपराधी गादीवर राहतो. पुणे सोडावे लागते ते न्यायाधीशाला. ज्याला आम्ही वर काळी कथा म्हटले तिचे मर्म हेच. सत्य सापडले आणि त्याचा उपयोग झाला नाही, हा अनुभव खाडिलकरांच्या प्रेक्षकांना परका नव्हता. एक वर्षापूर्वीच मुंबईच्या हायकोर्टातील एक निकाल त्यांनी पचविला होता. रामशास्त्र्यांच्या तेजापुढे नाटकातील बाकीची पात्रे फिकी पडतात, आणि त्या भागापुरते आम्ही 'भाऊबंदकी'ला जगातील कोणत्याही उत्तम अपराधनाट्याच्या पंक्तीला बसविण्यास तयार आहोत.

संशयित बाईचे चित्र निराळ्या रीतीने काढता येते, हे पाहावयाचे असेल तर डॅफ्ने ड्यू मॉरिए यांची १९५१ सालची 'माय कझिन रेचेल' ही कादंबरी वाचावी. कॉर्नवॉलमधील जमीनदार अँब्रोज हा आपला अनाथ चुलतभाऊ फिलिप याला मुलासारखा वाढवितो. प्रकृतीसाठी तो इटलीत जातो, तेथे रेचेल नावाच्या विधवेशी लग्न करितो, आणि पुढे त्याची पत्रे येऊ लागतात: ती माझ्यावर पाळत ठेविते, ती माझा घात करीत आहे. मग मृत्यूची बातमी. फिलिप सूड घेण्याची प्रतिज्ञा करितो. रेचेल घरी येते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. जडजवाहीर, मिळकत, सर्व तिला देऊन टाकितो. नंतर स्वतः आजारी पडतो आणि पुन्हा संशय घेऊ लागतो. तिच्याजवळ लॅबर्नमच्या विषारी बिया सापडतात. (आमच्याकडे वैशाखात सोन्यासारखा फुलणारा बहावा, त्याला इंग्रज लोक भारतीय लॅबर्नम म्हणत. विषाच्या बाबतीत आपला बहावा या आरोपातून सुटावा अशी आमची शिफारस आहे.) शेवटी बागेतील कच्च्या पुलावर ती जाणार हे ठाऊक असून फिलिप तिला सावध करीत नाही. ती मरते. ती अपराधी होती काय? त्याला कळत नाही. आपल्यालाही कळत नाही. कळते ते एवढेच, की या कथेत जो एक मृत्यू निश्चितपणे कोणाच्या तरी हातून घडला तो तिचा आहे, आणि तो घडविणारा कुलनिष्ठ तरुण हीच कथा आपल्याला सांगत आहे.

ही कादंबरी मराठीत आणणाऱ्याला एका गोष्टीचा निर्णय करावा लागेल. इंग्रजीतील 'कझिन' या शब्दात नाते झाकून जाते. मराठीत फिलिपने रेचेलला हाक मारावयाची तर 'वहिनी' म्हणावे लागेल, आणि तो शब्द उच्चारताच सगळी गोष्ट दुप्पट भयंकर होईल. आपल्या भाषेतील नात्याच्या शब्दांत एवढे सामर्थ्य असता, त्यांचा उपयोग आपल्या अपराधकथेने केला नाही याची आम्हांस हळहळ वाटते. रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) ही याच घराण्यावरील सर्वांत लोकप्रिय कादंबरी. काका-पुतण्यांतील ओढ आणि तेढ तीत हळुवारपणे रंगविलेली आहे. पण ती थेऊरास संपते. खून व्हावयास तेव्हा नऊ महिन्यांवर थोडे दिवस होते. जे भयंकर होते त्याच्या उंबरठ्यावर आपली कादंबरी थबकली, आणि वाचकांनी डोळे पुसून पुस्तक मिटले.

आम्ही नागपूरकर. पुण्याच्या वाड्याविषयी एवढे बोलल्यावर आमच्या वाड्याविषयी मौन पाळणे बरे दिसणार नाही. भाऊबंदकीत भोसले पेशव्यांना हार जाणारे नव्हते. नारायणराव साबाजी भोसल्यांच्या बाजूचे, राघोबा मुधोजींच्या; आणि २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावच्या लढाईत मुधोजींनी सख्ख्या भावाला, साबाजींना, ठार केले. तथापि तो रणांगणावरचा मृत्यू. खरी काळी कथा पुढची आहे. १८१६ साली दुसरे रघूजी वारले. पुत्र परसोजी दृष्टीने अधू, शरीराने पंगू. कारभार कोणाच्या हाती असावा यावर दोन पक्ष पडले: एका बाजूस रघूजींच्या विधवा राणी बाकाबाई, दुसऱ्या बाजूस रघूजींचे पुतणे आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी कारभार घेतला आणि इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १८१७च्या आरंभी ते काही निमित्ताने चांद्याकडे गेले. १ फेब्रुवारीच्या सकाळी परसोजी बिछान्यात मेलेले आढळले. चुलतभाऊ वारला, तेव्हा आप्पासाहेब गावातच नव्हते! खून झाल्याचे उघडकीस आले ते आप्पासाहेब इंग्रजांवर उलटल्यानंतर, सीताबर्डीची लढाई होऊन गेल्यावर. तोवर त्याची चौकशी करण्याची निकड रेसिडेंट जेन्किन्स यांना भासली नव्हती.

यांतही एक काकू आहे. पण ही काकू मारणाऱ्याच्या बाजूची नव्हे. दुबळ्या राजाच्या भोवती उभी राहिलेली, त्याच्या मृत्यूनंतर नातवाला गादीवर बसविणारी, इंग्रजांशी जमवून घेऊन १८५७ सालीही शांत राहिलेली, अशी ती चतुर बाई होती. देशाभिमानी लेखकांना ती आवडत नाही, आणि आप्पासाहेब पुढे इंग्रजांशी लढले म्हणून त्यांच्या अंगावरील रक्ताकडे त्यांना पाहवत नाही. म्हणजे वीर आहे तो खुनी आहे, आणि जिच्याविषयी संशय आहे तिनेच मयताची पाठ राखिली होती. एखाद्या कादंबरीकाराला याहून अधिक काय पाहिजे? त्याला एकच प्रश्न सोडवावा लागेल. आप्पासाहेब चांद्यास निघाले त्या दिवशी बाकाबाईंना धोका कळला होता काय, आणि कळला असेल तर परसोजींच्या दाराशी त्या रात्री कोण निजले होते?